ट्रकचं डिझेल आणि उत्सर्जन मोजायचं तर सुरुवात टाकीपासून करा

चाकणजवळच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: "आमचा माल भाड्याच्या ट्रकने नाव्हा-शेवा बंदर, हैदराबाद आणि इंदूरला जातो. ट्रक आमचे नाहीत. वर्षभराच्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या), ई-वे बिलं आणि भाड्याची बिलं आहेत, डिझेलची पावती एकही नाही. आमच्या मोठ्या ग्राहकाने वाहतुकीचं कार्बन उत्सर्जन मागितलं आहे. एकूण किलोमीटर काढून तक्त्यातल्या घटकाने, म्हणजे किलोमीटरमागच्या उत्सर्जनाच्या आकड्याने, गुणले तर चालेल का?"

गुणाकार करता येईल, आकडाही मिळेल. पण तो खऱ्यापासून किती लांब आहे ते कळणार नाही. शिवाय पुढच्या वर्षी तुम्ही गाड्या नीट भरल्यात, रिकाम्या फेऱ्या कमी केल्यात, खरोखर डिझेल वाचवलंत, तरी किलोमीटर तेवढेच असतील तर उत्सर्जनही तेवढंच दिसेल. मला ही दुसरी अडचण जास्त मोठी वाटते. ज्या हिशेबात सुधारणा दिसत नाही, तो हिशेब कुणी मनापासून ठेवत नाही.

मी बावीस वर्षं मालवाहतुकीत आहे. पहिली काही वर्षं कळंबोलीला एका वाहतूकदाराच्या ऑफिसात डिझेलची वही लिहिण्यात गेली, नंतरची कारखान्यांना त्यांच्या वाहतुकीचं इंधन मोजून देण्यात. एवढ्या वर्षांत मी पाहिलेल्या चुका उत्सर्जनाच्या घटकात फार क्वचित होत्या. त्या होत्या लिटरमध्ये, मालाच्या वजनात आणि परतीच्या रिकाम्या फेरीत. म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

आधी एक गोष्ट ठरवा: तुम्हाला कार्बन मोजायचा आहे की धूर? दोन्हींना आपण उत्सर्जनच म्हणतो, पण त्यांचा हिशेब वेगळा आहे. कार्बन डायऑक्साइड इंधनातून येतो. डिझेलच्या वजनात साधारण ८६-८७ टक्के कार्बन असतो. एक लिटर डिझेल सुमारे ०.८३ किलो भरतं, म्हणजे त्यात जवळपास ०.७२ किलो कार्बन. जळताना १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. ०.७२ ला ४४ ने गुणून १२ ने भागा, २.६४ येतात. मी लिटरला २.६५ किलो धरतो. तक्त्यांत २.६ ते २.७ असं काहीही दिसेल. त्या फरकावर वेळ घालवू नका. इंजिन जुनं असो वा नवं, धुराच्या जुन्या निकषाचं (बीएस-४) असो वा नव्या (बीएस-६), चालक अनुभवी असो वा नवखा, एका लिटरमागचा कार्बन बदलत नाही. बदलतात ते लिटर.

यात एक भर घालावी लागते. कच्चं तेल काढणं, जहाजातून आणणं, शुद्ध करणं, टँकरने पंपापर्यंत पोहोचवणं यातही उत्सर्जन होतंच. ते धरलं की लिटरला सुमारे ३.२ किलो होतात. मालवाहतुकीच्या उत्सर्जनासाठी २०२३ मध्ये आलेलं आयएसओ १४०८३ हे मानक विहिरीपासून चाकापर्यंतचा हा पूर्ण आकडा मागतं. ग्राहकाला कोणता हवा ते विचारून घ्या आणि तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिहा. एका रकान्यात २.६५ आणि दुसऱ्यात ३.२ वापरलेले अहवाल मी पाहिले आहेत. तिथे एका मार्गाची दुसऱ्याशी केलेली तुलना सगळी वाया जाते. इथेच सांगून टाकतो, इथेनॉल मिसळण्याचा जो कार्यक्रम आपण ऐकतो तो पेट्रोलचा आहे. ट्रकच्या डिझेलमधून २० टक्के वजा करू नका. आणि ताफ्यात सीएनजीच्या गाड्या असतील तर तिथे लिटर नाही, किलो मोजायचे: एका किलोमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. न जळता निसटणाऱ्या मिथेनचा हिशेब वेगळा.

आता लिटर. हा सगळ्यात नाजूक भाग आहे.

सुरुवातीच्या काळात मी एका कारखान्यासाठी पन्नासेक गाड्यांचं डिझेल काढलं होतं. वाहतूकदाराच्या मुनीमजींनी वही दिली. प्रत्येक फेरीचे किलोमीटर, दिलेलं डिझेल, सगळं स्वच्छ अक्षरात. मी ॲव्हरेज काढलं तर जवळजवळ प्रत्येक गाडीला लिटरला चार किलोमीटर. उन्हाळ्यात चार, पावसाळ्यात चार, घाटातही चार. मला ते फार सुबक वाटलं आणि मी तो अहवाल दिला. नंतर एका वयस्कर चालकाने यार्डात चहा पिताना समजावून सांगितलं, "साहेब, चार हे ठरलेलं ॲव्हरेज आहे. तेवढ्या हिशेबाने आम्हाला डिझेल मिळतं. गाडीने किती खाल्लं ते वहीत नसतं." चढाच्या मार्गावर चालकाला पदरचं घालावं लागायचं, सपाट मार्गावर थोडं उरायचं. वहीत होतं ते दिलेलं डिझेल. जळलेलं डिझेल कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी तो अहवाल परत मागवला आणि पुन्हा केला. तेव्हापासून सगळ्या फेऱ्यांचं ॲव्हरेज एकसारखं आलं की मी ती वही बाजूला ठेवतो.

तुमच्याकडे पावत्या नाहीत, पण वाहतूकदाराशी केलेला दराचा करार असेल. त्यात बहुधा डिझेल दरवाढीचं कलम असतं आणि त्या कलमात एक ॲव्हरेज लिहिलेलं असतं. तो आकडा सुरुवातीला हाताशी ठेवा, पण तोही वाटाघाटीतून आलेला असतो हे ध्यानात असू द्या. भाड्याच्या रकमेवरून लिटर काढण्याच्या नादी मात्र लागू नका. जून २०१७ पासून पंपावरचा भाव रोज बदलू शकतो, राज्याराज्यांत करामुळे तो वेगळा असतो, आणि भाड्यात डिझेलचा वाटा किती हे मार्ग आणि हंगाम बघून बदलतं. शेजारच्या राज्यात डिझेल स्वस्त असेल तर त्या बाजूला जाणाऱ्या गाड्या इथे जेमतेम भरून तिकडे टाकी फुल्ल करतात. अशा वेळी एका पंपाची पावती म्हणजे त्या फेरीचं डिझेल, असं धरलं की हिशेब बिघडतो.

खरं माप टाकी ते टाकी. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरा, किलोमीटरचं रीडिंग लिहा, परत आल्यावर शक्यतो त्याच पंपावर, त्याच सपाट जागी पुन्हा गळ्यापर्यंत भरा. दुसऱ्या वेळी जेवढं बसलं तेवढं जळलं. मोठ्या गाडीची टाकी तीनशे-चारशे लिटरची असते, काहींना दोन असतात. भरताना पाच-दहा लिटर इकडेतिकडे सहज होतात. चाकण ते नाव्हा-शेवा जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आत. एवढ्या छोट्या फेरीत दहा लिटरची चूक फार मोठी ठरते. म्हणून चार-पाच फेऱ्यांचं मिळून एक माप घ्या. हैदराबादला एक फेरीही पुरे.

किलोमीटरमध्येही एक छुपी चूक असते. ट्रकच्या टायरची त्रिज्या अर्धा मीटरच्या आसपास. नवा टायर झिजून गुळगुळीत होईपर्यंत त्यातले १४-१५ मिलिमीटर जातात. म्हणजे चाकाचा घेर जवळपास तीन टक्के घटतो, चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर तीन टक्के जास्त किलोमीटर दाखवतो. जुन्या टायरची गाडी कागदावर जास्त ॲव्हरेज देते ती यामुळेही. ठरावीक मार्गावर नकाशाचं अंतर एकदा पक्कं करून तेच वापरलेलं चांगलं. नव्या गाड्यांत इंजिनचा संगणक किती इंधन फवारलं ते सांगतो, वाहतूकदाराकडे ती सोय असेल तर तो आकडा मागा, तो बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. टाकीतला तरंगता सेन्सर मात्र घाटात गाडी कलली की भलतंच दाखवतो. त्याचं सपाटावर उभ्या गाडीचं रीडिंगच घ्या.

ज्या फेऱ्यांचे लिटर मिळणारच नाहीत, त्यांचा अंदाज बांधावा लागतो. तो वजनावरून बांधा. नुसत्या किलोमीटरवरून नको. याच्यामागचं गणित अवघड नाही आणि ते एकदा हाताने केलं की तक्ते वाचताना भीती वाटत नाही. समजा, गाडी आणि माल मिळून ४० टन, रिकामी गाडी १४ टन. सपाट डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणरोध वजनाच्या साधारण ०.६५ टक्के. म्हणजे भरल्या गाडीला एक किलोमीटर ओढायला सुमारे २.५५ मेगाज्यूल. ताशी ६० किलोमीटरला हवेचा रोध आणखी एक मेगाज्यूल घेतो. एका लिटर डिझेलमध्ये जवळपास ३६ मेगाज्यूल असतात, पण चाकापर्यंत पोहोचतात तेरा-एक. बाकीचे सायलेन्सर, रेडिएटर आणि गिअरमध्ये जातात. हिशेब केला तर भरल्या गाडीला शंभर किलोमीटरला २७-२८ लिटर. त्यात थांबणं-निघणं, कंप्रेसर, पंखा धरा, ३० लिटर झाले. रिकाम्या गाडीला याच रीतीने १५ येतात, पण कमी भारावर इंजिनची कार्यक्षमताही घसरते, म्हणून मी १८ धरतो. ॲव्हरेजच्या भाषेत भरली गाडी ३.३ आणि रिकामी ५.५. महामार्गावरचे जुने चालक तुम्हाला याच्या आसपासचेच आकडे सांगतील.

यातून कामाचं सूत्र मिळतं: शंभर किलोमीटरला १८ लिटर, अधिक मालाच्या प्रत्येक टनामागे सुमारे अर्धा लिटर. तुमच्या गाड्या वेगळ्या असतील तर हे दोन आकडे बदलतील, पण रूप हेच राहील. याचा अर्थ असा की अर्धी भरलेली गाडी अर्धं डिझेल घेत नाही. २६ टनांऐवजी १३ टन नेले तरी डिझेल ३० वरून २४ वरच येतं.

वेगाचं काय? ६० वरून ८० वर गेलात की हवेचा रोध पावणेदोन पटीच्या वर जातो आणि शंभर किलोमीटरला आणखी सहा लिटर लागतात, गाडी भरलेली असो वा रिकामी. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यावर काही वाहतूकदारांनी मला विचारलं, वेळ वाचतो तर ॲव्हरेज का वाढत नाही? अखंड चालण्याने जे वाचतं त्यातलं बरंचसं वेगात जातं. आपल्या जड वाहनांसाठी २०१७ मध्ये जे इंधन-कार्यक्षमतेचे निकष अधिसूचित झाले, ते ४० आणि ६० च्या स्थिर वेगावरच्या चाचणीवर बेतलेले आहेत. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी आहे, तुमच्या मार्गाचं डिझेल काढायला नाही.

ॲव्हरेजबद्दल आणखी एक. जाताना ३.३, येताना ५.५, म्हणून सरासरी ४.४ असं लोक सर्रास लिहितात. शंभर किलोमीटर जायला ३० लिटर, यायला १८, मिळून दोनशे किलोमीटरला ४८. खरं ॲव्हरेज ४.१७. सुमारे सहा टक्क्यांची चूक नुसत्या सरासरीत झाली. म्हणून हिशेबाच्या वहीत नेहमी शंभर किलोमीटरला किती लिटर असंच लिहा, चालकाशी बोलताना ॲव्हरेज म्हणा.

आता परतीची फेरी. माझ्या अनुभवात हाच सगळ्यात मोठा खड्डा आहे आणि बहुतेक अहवाल यावरून न बघता पुढे जातात. वरच्याच गाडीने २६ टन माल शंभर किलोमीटर नेला: २,६०० टन-किलोमीटर (टन गुणिले किलोमीटर), ३० लिटर, म्हणजे टन-किलोमीटरला सुमारे ३१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. गाडी रिकामी परत आली तर लिटर ४८ आणि ग्रॅम ४९. साठ टक्के वाढ, आणि बिल्टीवर तिचा मागमूसही नाही, कारण रिकाम्या गाडीची बिल्टी बनत नाही. गाडी अर्धीच भरली असेल आणि रिकामी परतली असेल तर आकडा ८५ च्या वर जातो. इंजिनात कितीही सुधारणा केली तरी एवढा फरक पडत नाही.

तेव्हा प्रत्येक मार्गासाठी वाहतूकदाराला सरळ विचारा, आमचा माल उतरवल्यावर गाडी कुठे जाते? दूध, गॅस, डांबराचे टँकर आणि मोटारी वाहणारे लांब ट्रेलर बहुतेकदा रिकामेच परततात, त्यांची परत पूर्णच धरा. तुमच्यासाठी बांधलेल्या गाड्यांचीही तशीच. बाजारातून उचललेली गाडी इंदूरला जाऊन तिथून दुसऱ्या पार्टीचा माल घेते. तिथे रिकामं अंतर फक्त एका गोदामापासून दुसऱ्या गोदामापर्यंतचं. पण परतीचं भाडं मिळेपर्यंत चालक दोन-दोन दिवस ट्रान्सपोर्टनगरात थांबतो, कधी साठ-सत्तर किलोमीटर बाजूला जाऊन भरतो. तो तपशील चालकाकडेच असतो. नाव्हा-शेव्याच्या कंटेनरचं आणखी वेगळं: रिकामा डबाही आधी डेपोतून आणावा लागतो. वीस फुटी डबा सव्वादोन टनांच्या आसपास, चाळीस फुटी पावणेचार टनांच्या. ते वजन गाडी ओढते, पण तुमच्या इन्व्हॉइसवर नसतं. लिटर काढताना ते धरा, टन-किलोमीटर काढताना माल आणि त्याचं वेष्टणच धरा.

टन-किलोमीटरची बेरीज प्रत्येक फेरीची स्वतंत्र करून मगच करा. २० टन शंभर किलोमीटर आणि ५ टन पाचशे किलोमीटर गेले, तर २,००० अधिक २,५००, एकूण ४,५००. एकूण टन २५, एकूण किलोमीटर ६००, गुणाकार १५,००० असं केलेलं मी सूचीबद्ध कंपन्यांच्या तक्त्यांतही पाहिलं आहे. एवढ्या फुगलेल्या आकड्याने भागलं की टन-किलोमीटरमागचं उत्सर्जन फार कमी दिसतं आणि कुणाला शंकाही येत नाही.

तुमचा नाव्हा-शेव्याचा मार्ग बोरघाटातून जातो, त्यामुळे सपाट रस्त्याचं सूत्र तिथे पुरणार नाही. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. ४० टन वजन तेवढं उचलायला २१६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे चाकावरच्या तेराच्या हिशेबाने सोळा-सतरा लिटर, आणि हे केवळ उंची चढण्याचे. रिकाम्या १४ टनांना जेमतेम सहा. तुम्ही निर्यात करता, म्हणजे भरली गाडी घाट उतरते आणि हलकी चढते. तुमच्या शेजारचा कारखाना कच्चा माल आयात करत असेल तर त्याची भरली गाडी चढते. दोघांचे किलोमीटर सारखे, टन सारखे, पण फेरीमागे दहा लिटरांचा फरक फक्त दिशेमुळे. उतारावर मिळतं तेवढंच की इंजिनला काही किलोमीटर डिझेल लागत नाही. चढताना घातलेलं बहुतेक ब्रेकच्या उष्णतेत जातं.

आणि ते न लागणंही गाडी गिअरमध्ये असेल तरच. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करण्याची सवय अजून आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना फवारा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलने डिझेलही वाचत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बोरघाटात ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात आपण सगळ्यांनी वाचले आहेत. तुमच्या गेटवर चालकांशी बोलण्याची संधी मिळाली तर ही एक गोष्ट जरूर सांगा.

थांबलेल्या गाडीचं डिझेल छोटं वाटतं, पण बंदराच्या मार्गावर ते छोटं नसतं. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दोनेक लिटर घेतं. रांगेत इंजिन चालू ठेवून दहा तास गेले तर वीस लिटर, म्हणजे पन्नास किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, आणि गाडी एक फूटही पुढे गेलेली नसते. फास्टॅगने टोलवरचं थांबणं कमी केलं, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे जकातीसारखे अडथळे गेले. कारखान्याच्या गेटवरचं थांबणं मात्र बऱ्याच ठिकाणी तसंच आहे आणि ते तुमच्या हातात आहे. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली. चालकांसाठी ती फार आधी यायला हवी होती. पण उन्हात तुमच्या गेटबाहेर सहा तास उभा असलेला चालक आता इंजिन चालू ठेवील आणि त्याचं चुकत नाही. त्याला वेळेवर आत घ्या किंवा सावलीत बसायची सोय करा. ते डिझेल तुमच्याच हिशेबात येणार आहे. द्राक्षांसारखा गारव्यातला माल असेल तर शीतयंत्राचं डिझेल वेगळं लिहा, ते किलोमीटरवर नाही, तासांवर जातं.

अंतरासाठी ई-वे बिल वापरता येईल, पण त्यातलं अंतर पिनकोड ते पिनकोड असतं. गाडी खरोखर कोणत्या रस्त्याने गेली ते फास्टॅगच्या टोलनोंदींतून कळतं. आयएसओ १४०८३ टन-किलोमीटरसाठी सर्वांत कमी व्यवहार्य अंतर किंवा सरळ हवाई अंतर धरायला सांगतं, म्हणजे वळसा घेतल्याबद्दल कुणाला शाबासकी मिळू नये. लिटर मात्र प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरचेच. दोन रकाने वेगळे ठेवा.

मी सुरुवातीला कार्बन की धूर असं विचारलं, त्याचं कारण आता सांगतो. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि बारीक काजळी लिटरवरून काढता येत नाहीत. बीएस-४ च्या जड इंजिनाला नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅम होती. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती चाचणीनुसार ०.४ ते ०.४६ ग्रॅम आहे. डिझेल तेवढंच जाळून एक गाडी दुसरीच्या सात-आठ पट विषारी वायू सोडू शकते. त्यातही बीएस-६ ची यंत्रणा चालते ती युरियाच्या द्रावणावर, आणि धुराड्यातला वायू २०० अंशांच्या आसपास तापला तरच ती नीट काम करते. शहरात रखडत चालणाऱ्या रिकाम्या गाडीत ती थंड पडते आणि वायू तसाच बाहेर जातो. त्यामुळे इथे गाडीचं वर्ष, वेग, भार, रस्ता हे सगळं लागतं. युरोपात त्यासाठी कोपर्ट, अमेरिकेत मूव्ह्ज ही प्रारूपं वापरतात; पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनेही भारतीय वाहनांवर चाचण्या घेऊन घटक काढलेले आहेत. परदेशी तक्ता वापरलात तर त्यामागची गाडी किती वजनाची, किती वेगाने धावणारी होती ते आधी बघा.

धुराची एक तपासणी मात्र कुठल्याही प्रारूपाशिवाय करता येते. बीएस-६ गाडीला शंभर लिटर डिझेलमागे ढोबळ मानाने चार-पाच लिटर युरिया लागतो. वाहतूकदाराच्या नोंदीत युरिया जवळजवळ नसेलच तर कुणीतरी यंत्रणेला चकवणारा जुगाड बसवला आहे असं समजा. त्या गाडीचा कार्बन तुमच्या तक्त्यात अगदी स्वच्छ दिसेल, आणि रस्त्याकडेच्या शाळेतली मुलं मात्र तिचा धूर श्वासात घेत असतील. म्हणून मी कार्बनच्या कामातही युरियाचे लिटर विचारतो. त्या युरियाच्या द्रावणाचा स्वतःचा कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा, एका किलोमागे पाव किलोही नाही.

अहवाल देताना एकच नेटका आकडा देऊ नका. किती टक्के फेऱ्यांचे लिटर मोजलेले, किती टक्क्यांचे वजनावरून काढलेले, किती तक्त्यातले, हे लिहा. मोजलेल्या फेऱ्यांवर तुमचं सूत्र चालवून बघा. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर उरलेल्यांवर ते खुशाल वापरा. तीस टक्के निघाला तर बहुधा रिकामी फेरी, घाट किंवा जास्त भरलेली गाडी यांपैकी काहीतरी सुटलं आहे. २०१८ मध्ये ट्रकची कायदेशीर भारमर्यादा वाढली, तीन आसांच्या गाडीची २५ टनांवरून २८.५ झाली, जुन्या तक्त्यांत जुनं वजन असतं, तेही तपासा. ट्रक तुमच्या नावावर नसल्याने आणि भाडं तुम्ही भरत असल्याने हे उत्सर्जन तुमच्या स्कोप ३ मध्ये, म्हणजे तुमच्या कामासाठी दुसऱ्यांकडून होणाऱ्या उत्सर्जनात, येईल.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. आधी नाव्हा-शेवा घ्या, कारण फेऱ्या तिथे जास्त असतील आणि घाटही तिथेच आहे. ज्या वाहतूकदाराशी तुमचे संबंध चांगले आहेत त्याच्या दोन गाड्या निवडा, एक बीएस-४ आणि एक बीएस-६. गाडी निघताना आणि परत आल्यावर तुमच्या खर्चाने त्याच पंपावर टाकी भरून घ्या, अशा पाच फेऱ्या. ठरलेल्या ॲव्हरेजवरून चालकाची खर्ची (फेरीसाठी मिळणारे पैसे) कापली जाणार नाही हे मालकाकडून त्याच्यासमोर कबूल करून घ्या, नाहीतर खरा आकडा मिळणार नाही. वजनकाट्याची पावती भरताना आणि रिकामी असताना, दोन्ही वेळची घ्या. गेटवर आली किती वाजता, सुटली किती वाजता, बंदरात किती तास, परतताना डबा होता की नाही, एवढं एका कागदावर चालकाला लिहायला सांगा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. हे आकडे हातात आले की सूत्रातल्या १८ आणि अर्ध्या लिटरच्या जागी तुमचे स्वतःचे आकडे बसवा, मग हैदराबाद आणि इंदूरच्या बिल्ट्या उघडा.